रीतीचे गुण

रात्री दीड वाजता लिस्बनमध्ये आठ वाजतात.
एवढं गणित आनाक्लेतला आयुष्यभर जमलं नाही,
आणि हा तीस वर्षं बोटीवर होता.
दर दहा मिनिटांनी विचारतो, बाई, जालें?

हळदोण्यात या घटकेला कुत्रीसुद्धा निजलेली.
त्याच्या बलकांवात दोन खुर्च्या, स्टुलावर टॅब्लेट,
वायफाय शेजारच्यांचं,
काजूच्या मोहोराचा वास,
अंगावर माझी शाल आणि त्याचा तारवटी कोट.
तिकडे एका देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडला जातोय
आणि त्या देशाच्या मतदारयादीत
आमच्या वाड्यावरचा एक म्हातारा आहे,
जो परवा इस्त्रीची पँट घालून
पणजीच्या वकिलातीत मत टाकून आला,
परतताना म्हापशाला उतरला, चोरीस घेतले.
कुणाला दिलंस, मी विचारलं नाही.
चेहऱ्यावरून कळतं. मी मास्तरीण होते.

माझी वही वेगळी.
दोनशे पानी, चौकटीची, लाल पेन दोऱ्याने बांधलेलं.
पाच जणांचे अंदाज, तारखेनिशी:
कुणाला किती टक्के, किती माणसांना विचारलं,
चूक किती धरली.
महिनाभर उतरवत होते. आज पेपर तपासायचे.

दीड.
पडद्यावर दोन खांब वर चढतात
आणि सगळ्यांनी ज्याला पुढे धरलं होतं
तो बुटका राहतो.
फटिंग सगळे, आनाक्लेत म्हणतो.
मी म्हणते, थांब.

पहिल्याने नऊ टक्क्यांची आघाडी दिली होती,
ती उलट्या बाजूला पडली. भोपळा.
दुसऱ्याने शेवटच्या आठवड्यात
आपला आकडा हळूच शेजाऱ्याच्या आकड्याजवळ सरकवला.
कॉपी. मला वास येतो.
तिसरा बरोबर आला. आत्ताच दिसला, टाय सैल करून हसताना.
पण कसं आलं ते कुठेच मांडलेलं नाही;
उत्तरं पाठ करून आलेल्या पोराला
मी पाचातले दोन द्यायची, तेही कुरकुरत.
चौथा म्हणाला होता, सत्तर-तीस.
त्यालाच सगळे धुताहेत.
अरे, सत्तर म्हणजे शंभर नव्हे.
तीसही कुठेतरी राहतात, त्यांनाही घरदार असतं,
आज रात्री त्यांनी दिवा लावला, इतकंच.
रीतीचे पूर्ण गुण. उत्तराचा एक कापला.

पाचव्याने लिहिलं होतं, सांगता येत नाही.
याचं काय करायचं
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आनाक्लेत तोवर झोपला.
त्याचा माणूस जिंकला की हरला
हे झोपलेल्या चेहऱ्यावरून मात्र कळेना.

साडेपाचला इनास पोदेराचा भोंगा.
सायकल टेकवून तो पडद्याकडे पाहतो, काही विचारत नाही.
आज किती भाजलेस?
तीनशें वीस, बाय. उरचे नात.

रोज रात्री पीठ मळताना हा ठरवतो
कुणाचा उपास, कुणाकडे पाहुणे,
स्विंडनहून कोण आलंय, कोण गेलं,
कोण कायमचं गेलं.
कुणाला फोन करून विचारत नाही.
उरलेच तर त्याच्याच घरी दुपारपर्यंत कडक होतात.
स्वतःची चूक हा चहात बुडवून खातो.

इनास. सातवी ब, खिडकीजवळचा बाक.
प्रगतिपुस्तकावर माझं वळणदार अक्षर:
हिशेबात गती नाही, पुढे अवघड जाईल.
किती माणसांना विचारून लिहिलं होतं मी ते?
चूक किती धरली होती?

टॅब्लेटवर अजून दोन टक्के मोजायचे होते.
मी पेनाचं टोपण काढलं,
पाच नावांखाली सहावं घातलं, माझं,
पुढचा रकाना तसाच ठेवला.

चार दे, मी इनासला म्हटलं.
पाच लागतील, तो म्हणाला, आणि पाच ठेवून गेला.

लागले.